चुन्याचा पडदा

बस नदीकाठच्या वळणावर आली आणि सौदामिनीला खिडकीतून तिचा मेलेला नवरा दिसला.

वाचनालयाच्या भिंतीवर, छतापासून जोत्यापर्यंत नुसता कणारन. गुलाबी ओठ, तूप चोपडल्यासारखे गाल, खांद्यावर जरीची शाल, आणि मिशा तर अशा पिळदार की बिचाऱ्यानं जन्मात कधी तसा पीळ दिला नव्हता. छातीच्या खाली, जिथं माणसाला पोट असतं, तिथं शहरातल्या एका सोन्याच्या पेढीचं नाव होतं. अक्षरं कणारनच्या मिशांहून मोठी. पेढीचं नाव काही मी सांगायची नाही. भिंतीवर लावून घेतलं तेवढं पुरे झालं.

"चेची, बघितलंत ना?" कंडक्टर आनंदानं ओरडला. "आख्ख्या तालुक्यात एवढं मोठं कुणाचं नाही!"

सौदामिनीनं खिडकीकडून तोंड फिरवलं. बस लागली म्हणून नव्हे. पालक्काडपासून ती ताठ बसून आली होती. पिशवी घेऊन ती उतरली आणि भार्गवनच्या चहाच्या दुकानातल्या बाकावर टेकली. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून पावसाच्या तोंडाशी ती गेली होती, आणि आता नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला परत येत होती. मधल्या काळात गावानं हा पराक्रम केला होता.

कणारन मण्णंकडवाचा पोस्टमन. गाव त्याला कणारेट्टन म्हणायचं, एट्टन म्हणजे थोरला भाऊ, आणि सौदामिनीला चेची, म्हणजे थोरली बहीण. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या त्या भिंतीवर तो सिनेमा दाखवायचा. तिकीट नाही, पास नाही, वर्गणी नाही. येणाऱ्यानं यावं, बसावं, बघावं. कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे, ज्यांची नावंसुद्धा गावाच्या जिभेवर नीट बसायची नाहीत. पण ही सिनेमाची सोसायटी टिकली होती ती पाळीवर. या शनिवारी अमक्याच्या घरची वीज, तमक्याच्या घरच्या चटया, तिसऱ्याच्या घरचा काळा चहा आणि कप्प्याचे उकडलेले कंद. पाळी कुणी चुकवली नाही. कणारन वारला त्या आठवड्यातसुद्धा सौदामिनीच्या घरची चहाची पाळी होती, आणि तिनं चहा धाडला होता.

पाऊस सरला की नव्या सिनेमांच्या आधी सगळ्यांनी मिळून ती भिंत चुन्यानं रंगवायची. नदीतल्या शिंपल्यांचा चुना, त्यात डिंक. नीळ अजिबात नाही. "निळीनं भिंत पांढरी दिसते, पण त्यावरची माणसं आजारी दिसतात," असं कणारनचं म्हणणं. तिला भिंत कुणी म्हणायचं नाही, पडदा म्हणायचं. आणि पडद्यापुढं कुणी उभं राहायचं नाही. मंत्री येवो नाहीतर संत्री, जायचं तर वाकून जायचं. ही सवय गावाच्या कंबरेत इतकी भिनली होती की भर दुपारी, सिनेमा नाही की काही नाही, तरी माणसं त्या भिंतीपुढून जाताना वाकायची. बाहेरगावचे पाहुणे बघून हसायचे. हसू देत.

"हे कुणी केलं?" सौदामिनीनं विचारलं.

"सोसायटीनं. म्हणजे सुगुणननं," भार्गवन म्हणाला. तो चहा एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत होता. "तुम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून मुद्दाम कळवलं नाही. शनिवारी अनावरण आहे. आमदार येणार."

"धक्का बसला. आनंद कुठंय?"

"असं काय बोलता, चेची? गावाचं प्रेम आहे."

"भार्गवा, शनिवारी अनावरण झाल्यावर सिनेमा आहे ना?"

"आहे की! वर्षश्राद्धाला नाही दाखवायचा तर कधी?"

"कशावर दाखवणार?"

भार्गवनचा वरचा हात वरच राहिला. चहा संपला, भांडं रिकामं झालं, तरी तो हात खाली येईना. तो वाचनालयाकडं बघत होता.

"अय्यो," तो म्हणाला.

आता बोला! गावात पेपर वाचल्याशिवाय कुणी दात घासत नाही. जगातल्या कुठल्याही राजकारणावर दुपारपर्यंत भांडतील. आणि ज्या माणसानं आयुष्यभर एक भिंत पांढरी राखली, त्याचा मान करायचा म्हणून ह्यांनी ती भिंतच रंगवून टाकली, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये? करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणावं तर मारुतीचा अपमान.

सौदामिनी घरी गेलीच नाही. पिशवीसकट सुगुणनच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

सुगुणन बँकेतून निवृत्त झालेला. कणारन गेल्यावर सोसायटीचा सचिव व्हायला कुणी पुढं येईना, तेव्हा हा आला, आणि येताना खुर्ची घेऊन आल्यासारखाच आला. कणारनच्या हयातीत एक सिनेमा शेवटपर्यंत बसून बघितलेला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"या चेची, या! बसा. कशी वाटली कल्पना? माझीच." त्यानं केळ्याच्या वेफर्सची बशी पुढं सरकवली. "कणारेट्टन आता कायमचे पडद्यावर!"

"सुगुणा, पडदा कुठाय?"

तो हसला. त्याला हा प्रश्न अपेक्षित होता असं दिसलं, आणि सौदामिनीला तेच जास्त लागलं. बाकीचं गाव नुसतं बावळट होतं.

"तेच तर सांगायचं होतं. त्या भिंतीपुढं अजून किती वर्षं चटया टाकायच्या? डास, धूळ, मध्येच रिक्षा जाते. पेढीचं नवं सभागृह झालंय, आपल्याच नाक्यावर. एसी. गादीच्या खुर्च्या. दर शनिवारी आपल्याला देतायत. आणि फुकटच हं! कणारेट्टनचं तत्त्व मी मोडणार नाही."

"तसंच आत जायचं?"

"पास घ्यायचा फक्त. पेढीत मिळेल. नाव, फोन नंबर, घरात लग्नाची मुलगी आहे का, एवढंच सांगायचं. त्यांनाही काहीतरी मिळायला नको का?"

सौदामिनीला त्या वेफर्सच्या तेलाचासुद्धा वास नकोसा झाला.

"ऐसुम्मा कुठला फोन नंबर देईल?" ती म्हणाली.

ऐसुम्मा नदीत उतरून शिंपले काढणारी. सौदामिनीहून दहा वर्षांनी मोठी. पडद्यासमोरची पहिली चटई तिची. तिला अक्षर येत नव्हतं म्हणून कणारन परदेशी सिनेमाच्या खालच्या ओळी तिच्यासाठी मोठ्यानं वाचायचा, आणि ती त्याला म्हणायची, "मला कळतंय रे, तू गप बस."

"तिला कोण अडवतंय?" सुगुणन म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण चेची, तुम्हीच सांगा. बंद एसीत... तो शिंपल्यांचा वास... बाकीच्या बायका नटूनथटून येणार."

"तुझ्या त्या बायका शिंपल्याचं कालवण खातात ना?"

"खाण्याची गोष्ट वेगळी."

"हो. खाण्याची गोष्ट तुला चांगली कळते," सौदामिनी म्हणाली. "ते चित्र पुसून टाक."

सुगुणननं दोन्ही हात कानांना लावले. "कणारेट्टनचा चेहरा पुसू? मी? चेची, त्या चेहऱ्याला जो हात लावेल त्याला गाव उभं राहू देईल का? मला तर विचारानंच कसंतरी होतं."

खरं बोलत होता मेला. सापळाच तसा होता. भिंतीवर नुसती जाहिरात असती तर रात्रीतून कुणीही चुना फासला असता. पण मेलेल्या भल्या माणसाच्या तोंडावर कोण चुना फासणार?

परत येताना ती भिंतीपाशी थांबली. जवळून ते थोबाड आणखीच किळसवाणं होतं. पेढीचा एवढा गाजावाजा, पण रंग आणला होता पाण्याचा, सगळ्यात स्वस्त. कोपऱ्यात आत्ताच ओघळ आले होते. ओठ तर असे की पान खाऊन आत्ता थुंकेल. तिला वाटलं, दोन शिव्या हासडाव्यात आणि चालू पडावं. आणि तेवढ्यात तिची नजर डाव्या भुवईवर गेली.

भुवई मध्ये तुटलेली होती. चिताऱ्यानं पोस्टाच्या ओळखपत्रावरचा फोटो बघून चित्र काढलं असणार, आणि एवढं एक त्यानं इमानानं काढलं होतं. लग्नाच्या वर्षी भर पावसात टपालाची थैली सांभाळत कणारन सायकलवरून पडला होता. पत्रं कोरडी, आणि कपाळ फुटलेलं. हळद तिनंच दाबली होती. तिथं परत केस आले नाहीत.

एवढ्या सगळ्या खोट्यात ती भुवई तेवढी खरी होती. सौदामिनीला रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला राग आला.

मागून ऐसुम्मा आली. डोक्यावर शिंपल्यांची टोपली, आणि टोपलीसकट ती सवयीनं वाकून भिंतीपुढून गेली. मग पलीकडं उभी राहून वर बघू लागली.

"हा कोण गं?"

"माझा नवरा."

"हा?" ऐसुम्मानं डोळे बारीक केले. "या अल्ला! मला वाटलं, निवडणुकीला कुणी उभा राहिलाय."

सौदामिनी रडता रडता हसली. मग तिनं सभागृहाचं, पासाचं सगळं सांगितलं. वासाचं तेवढं नाही सांगितलं. पण ऐसुम्मानं ऐकून घेतलं आणि स्वतःच आपली बाही नाकाशी नेऊन हुंगली.

"मी काय त्या थंड खोलीत येत नाही," ती म्हणाली. "तू जा. मला नंतर गोष्ट सांग."

शनिवारी अनावरण झालं. भिंतीपुढं मांडव, मांडवात खुर्च्यांची रांग, आणि खुर्च्यांवर पांढरेशुभ्र मुंडू नेसलेली माणसं. तीसुद्धा पडद्याकडं पाठ करून, ताठ. सौदामिनीला मधोमध बसवून तिच्या अंगावर शाल घातली. ती तिनं लगेच काढून मांडीवर ठेवली. शाल नायलॉनची होती आणि टोचत होती.

मग भाषणं. स्वागताचं, अध्यक्षांचं, उद्घाटनाचं, शुभेच्छांची तर एक नाही, दोन नाही, कितीतरी. कणारनला भाषणाचा वीट होता. बोलायचं ते सिनेमा बघून झाल्यावर, असा त्याचा नियम. हे प्रत्येक वक्त्याला माहीत होतं, आणि प्रत्येकानं तेच लांबण लावून सांगितलं. "कणारेट्टन मोजकं बोलायचे," असं म्हणून आमदार इतकं बोलले की चटयांवरची पोरं झोपी गेली. "साधेपणा!" असं म्हणताना पेढीचा मालक छातीवर हात ठेवायचा आणि त्याच्या अंगठ्या दिव्यात चमकायच्या. कणारन आजारी होता तेव्हा यातला एकही जण पेज घेऊन आला नव्हता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! सौदामिनीच्या तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

शेवटी खुर्च्या हलल्या. "आता सिनेमा," सुगुणननं माईकवर सांगितलं. "शेवटचा या भिंतीवर. कणारेट्टनच्या साक्षीनं!"

आणि खरोखरच त्या चित्रावर सिनेमा सुरू केला त्यांनी.

सिनेमातली बाई विहिरीवरून चालत निघाली आणि सरळ कणारनच्या नाकपुडीत शिरली. बाहेर आली तेव्हा तिला मिशा होत्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईनं घागर खाली ठेवली, ती गुलाबी ओठांवर. नायक आला, त्याच्या कपाळावर सोन्याच्या पेढीचं नाव. आता सगळंच मैदान हसत सुटलं. बाई रडत होती, तिचं पोर गेलं होतं, आणि लोक पोट धरून हसत होते, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांवर कणारनचे गाल लोंबत होते. वाईट मनानं कुणी हसत नव्हतं. हसू येण्यासारखंच होतं ते. तीच तर घाण होती.

"बघितलंत ना?" सुगुणन माईकवर खेळकरपणे म्हणाला. "म्हणून पुढच्या शनिवारपासून सभागृहात! पास तिथं टेबलावर."

तेव्हा पहिल्या चटईवरून ऐसुम्मा उठली. सिनेमा अर्धाही झाला नव्हता. इतक्या वर्षांत ती कधी मध्येच उठली नव्हती. एकदा धो धो पाऊस आला तेव्हासुद्धा टोपली डोक्यावर धरून बसली होती. तिनं चटई गुंडाळली, काखेत मारली, आणि वाकून, कुणाच्याही आड न येता, निघून गेली.

सौदामिनीनं तिला जाताना पाहिलं. मग तिनं वर भुवईकडं पाहिलं. तिथून बाईच्या पोराची अंत्ययात्रा चालली होती.

"बस झालं," ती स्वतःशीच म्हणाली.

सकाळी उजाडल्यावर ती कामाला लागली. वाचनालयामागच्या खड्ड्यात पाण्याखाली चुना होता. दुखण्यानं अंथरूण धरायच्या आधी कणारननंच विरवून ठेवलेला, लोण्यासारखा मऊ. तिनं घरून डिंक शिजवून आणला. लांब बांबूला काथ्याचा कुंचला बांधला. नारळाची सोडणं पाण्यात भिजवून ती भिंतीला भिडली आणि आधी पेढीचं नाव घासून काढलं. स्वस्तातला रंग तो, भराभर वाहून गेला. मग शाल, मग मिशा. गुलाबी पाणी ओघळून तिच्या पायांवर आलं. ते तिनं शिसारी येऊन झटकलं.

भार्गवन चहाचं भांडं तसंच टाकून पळत आला. "चेची! काय करताय? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते काल माईकवर म्हणून झालं की सगळं. बांबू धर."

"मी नाही हं. कणारेट्टनच्या तोंडावर..."

"तोंडावर मीच मारते. नवरा माझा आहे. तू नुसता बांबूला आधार दे, माझे हात भरून आलेत."

भार्गवननं बांबू धरला. गाव गोळा झालं. कुणी "अय्यो" म्हणत होतं, कुणी तोंडात पदर धरला होता, पण पुढं कुणी येईना, आणि अडवायलाही कुणी धजेना. बायकोला कोण अडवणार? ऐसुम्मा नदीवरून आली, टोपली खाली ठेवली, एक सोडण उचललं आणि खालून घासायला लागली.

सुगुणन आला तोपर्यंत चुन्याचा हात फिरायला लागला होता. हनुवटी झाली, गाल झाले. भुवई राहिली होती. तिथं सौदामिनीचा कुंचला थांबला. चुना बांबूवरून निथळून तिच्या कोपरापर्यंत आला. पत्रं कोरडी, कपाळ फुटलेलं. तिनं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी तिनं भुवईवरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडं, मग परत.

पण ओला चुना काही झाकत नाही. घासूनही रंगाचा डाग दगडात राहिला होता, आणि ओल्या चुन्यामागून कणारन तसाच बघत होता, फिकटसा, पाण्याखालून बघावं तसा. गर्दीत कुजबुज झाली. सुगुणन भिंतीच्या अगदी मधोमध जाऊन उभा राहिला आणि लोकांकडं वळला.

"बघा! बघा!" त्याचा आवाज भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर तो नाटकही करत नव्हता. "पुसला जात नाहीये! कणारेट्टनच नको म्हणतायत, चेची! हात जोडतो, थांबवा हे."

दोघाचौघांनी खरंच हात जोडले.

सौदामिनीनं कुंचला बादलीत टाकला. एवढी वर्षं पाळीनं चुना लावला या लोकांनी, आणि एका रात्रीच्या भाषणांनी तेवढंसुद्धा विसरले होते. तिला आता त्यांचा राग राहिला नव्हता, नुसती शिसारी उरली होती.

"ओला आहे," ती म्हणाली. "वाळू द्या."

ती भिंतीकडं पाठ करून समोर जमिनीवर बसली. ऐसुम्मा शेजारी बसली. भार्गवननं दुकानातून काळा चहा आणला. सौदामिनीनं तो फुंकून फुंकून प्यायला. ऊन नदीवरून वर चढत होतं. वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिनं लोकांची तोंडं बघितली, त्यावरूनच तिला कळत गेलं. आधी जोडलेले हात सुटले. मग कुजबुज थांबली. मग एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, तेव्हा सौदामिनीला कळलं की भुवई गेली.

 चहाचा शेवटचा घोट गार झाला होता, तो तिनं गिळला. मग ती वळली.

भिंत पांढरी झाली होती. डाग नाही, नीळ नाही, कुणी नाही. आणि त्या पांढऱ्याच्या ऐन मधोमध, तोंड उघडं टाकून, सुगुणन उभा होता.

"सुगुणा," सौदामिनी म्हणाली, "पडद्यापुढं उभा आहेस."

भर उन्हात, सगळ्या गावासमोर, सुगुणन कंबरेत वाकला आणि तसाच वाकून बाजूला झाला.

"शनिवारी चहाची पाळी कुणाची?" ऐसुम्मानं विचारलं, आणि जागा धरायला आत्ताच चटई आणायला निघाली.